मिटन काढून फेकणारे हात

विनिपेगमध्ये जानेवारीतल्या रात्री पारा साधारण उणे २० अंशांच्या आसपास असतो. अशा गावात दीड-दोन वर्षांच्या मुलाला घराबाहेर काढायचं तर तयारीलाच बराच वेळ जातो. आत लोकरीचे कपडे, त्यावर स्नोसूट, मग बूट, टोपी, गळ्याभोवतीचा उबदार पट्टा आणि सगळ्यात शेवटी मिटन. मिटन म्हणजे चार बोटांना मिळून एक कप्पा आणि अंगठ्याला वेगळा, असा हातमोजा. दार उघडतं, मूल बर्फात चार पावलं टाकतं आणि मिटन दातांत धरून ओढून काढतं. आई परत घालते, मूल परत काढतं. तिसऱ्या खेपेला दोघांचाही आवाज चढलेला असतो.

कॅनडा, मिनेसोटा, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड इथल्या पालकांना हा प्रसंग पाठ असतो. टोरांटोत किंवा मिनियापोलिसमध्ये घर केलेल्या मराठी जोडप्यांना तो बहुधा मुलाच्या दुसऱ्या हिवाळ्यात भेटतो. पहिल्या हिवाळ्यात बाळ बाबागाडीत पांघरुणाखाली असतं, हात फारसे बाहेर येतच नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ते चालायला लागलेलं असतं आणि दिसेल ते उचलायला त्याला दोन्ही हात हवे असतात. या काढून फेकण्याला आपण चटकन हट्ट म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. मिटन काढणाऱ्या मुलाची तक्रार खरी असते. ती समजून घेतली की मिटन हातावर टिकवण्याचे मार्गही तिच्यातूनच निघतात.

आधी थंडीचं गणित पाहू. शरीर जितकं लहान, तितकी वजनाच्या मानाने त्वचा जास्त, आणि उष्णता जाते ती त्वचेतूनच. म्हणून लहान मूल मोठ्या माणसापेक्षा लवकर गार पडतं. तान्ह्या बाळांत यावर एक सोय आहे. दोन खांद्यांच्या मधे, मानेपाशी आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी असते. ती बाळाला न कुडकुडता ऊब तयार करून देते. पण ही ऊब होते धडात, आणि तिथून ती हातांपर्यंत पोचावी लागते. बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात, बोटांपर्यंत फक्त त्यांचे कंडरे येतात. त्यामुळे बोटांची स्वतःची कमाई जवळजवळ नाही, सगळी ऊब रक्तातून यायची. तळहातात आणि बोटांच्या टोकांत धमन्या आणि शिरा थेट जोडणाऱ्या बारीक वाटा असतात. अंगात ऊब भरपूर असली की त्या उघडतात आणि हात गरम राहतात. अंग गार पडू लागलं की हृदय, मेंदू आणि पोटातले अवयव सांभाळण्यासाठी शरीर आधी याच वाटा आवळून घेतं.

त्यामुळे गार हातांचं कारण पुष्कळदा पोटापाठीवरच्या कपड्यांत सापडतं. स्नोसूटच्या आत सुती बनियन असेल आणि पळून पळून त्यात घाम मुरला असेल, तर ते ओलं कापड अंगाला चिकटून ऊब खेचत राहतं. पाणी उष्णता वाहून नेण्यात स्थिर हवेच्या सुमारे २५ पट पुढे आहे. लोकर मात्र आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. उत्तर युरोपात अंगाला लागून लोकर घालायची पद्धत आहे ती यासाठीच. मिटनची भांडणं ज्या घरात रोज होतात, तिथे मी पहिला प्रश्न बनियनचा विचारेन.

दुसरी गोष्ट इतकी साधी आहे की ती सुटून जाते. मिटन स्वतः ऊब तयार करत नाही, असलेली ऊब फक्त धरून ठेवतो. थर्मासमध्ये गार पाणी भरलं तर ते गारच राहणार. मूल बाहेर येऊन, गाडीपाशी हात पुरते गारठल्यावर मिटन चढवला, तोही रात्रभर गाडीत पडून गोठलेला, तर आतला हात बराच वेळ गारच राहतो. म्हणजे मुलाच्या अनुभवात मिटन ही हात गार करणारी आणि शिवाय बोटं अडवणारी वस्तू ठरते. ती त्याने का ठेवावी? मिटन घरात, हात गरम असताना घालायचा आणि तो आधी उबेला ठेवलेला असायला हवा. एवढ्या एका बदलाने बऱ्याच घरांतली कुरबुर कमी होते.

वाऱ्याचाही हिशेब धरावा लागतो. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी अंटार्क्टिकावर प्लास्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात किती वेळात गोठतं ते मोजलं आणि १९४५ साली ते काम प्रसिद्ध केलं. वाऱ्यामुळे थंडी किती वाढल्यासारखी वाटते हे आकड्यात सांगायची रीत तिथून आली. कॅनडा आणि अमेरिका यांनी २००१ साली त्याचं सूत्र सुधारून घेतलं. त्या सूत्राप्रमाणे उणे १० अंशांना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला उणे २० इतकी थंडी जाणवते. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की तापमान उणे २५ च्या खाली गेलं किंवा वाऱ्यासकटचा आकडा उणे २८ किंवा त्याखाली गेला, तर मुलांना घरातच ठेवावं. उणे २८ च्या पुढे उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. त्या हवेत मिटनवरून वाटाघाटी करायच्या नाहीत, बाहेरच जायचं नाही. या प्रकरणातलं पुढचं सगळं त्या अलीकडच्या थंडीसाठी आहे, म्हणजे शून्यापासून उणे दहा-पंधरापर्यंतच्या. थंड देशांतल्या मुलांचा बाहेरचा बहुतेक खेळ याच हवेत होतो.

आता हाताकडे येऊ. नऊ-दहा महिन्यांचं बाळ अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत जमिनीवरचा दाणा उचलू लागतं. तिथून पुढची दोन वर्षं हात हाच त्याचा शिकण्याचा मोठा रस्ता असतो. मऊ काय, खरखरीत काय, काय चुरगळतं, काय निसटतं, हे त्याला कुणी सांगून कळत नाही. २००२ साली एमी नीडहॅम, ट्रेसी बॅरेट आणि कॅरन पीटरमन यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. साधारण तीन महिन्यांच्या बाळांना अजून वस्तू नीट पकडता येत नाहीत. त्यांच्या हातांत वेल्क्रो लावलेले मिटन घातले आणि वेल्क्रोला चिकटतील अशी खेळणी समोर ठेवली. हात लागला की खेळणं चिकटून वर येई. काही दिवस असं खेळलेली बाळं पुढे मिटन नसतानाही, असा सराव न मिळालेल्या बाळांपेक्षा, वस्तूंकडे जास्त वेळ पाहू लागली आणि त्यांच्याशी जास्त धडपड करू लागली. हातात काही आलं की लक्ष जागं होतं, असं या प्रयोगातून दिसलं.

हिवाळ्यातला मिटन नेमकं उलटं करतो. चार बोटं एका पिशवीत जातात, चिमूट मोडते आणि स्पर्शाची वाट बंद होते. समोर काय असतं? आयुष्यातला पहिलाच समजून पाहायचा बर्फ. पांढरा, भुसभुशीत, दाबला तर गोळा होणारा, तोंडात घातला तर नाहीसा होणारा. ज्या मुलाला तो बर्फ बोटांनी चाचपावासा वाटत नाही, त्याचीच मला जास्त काळजी वाटेल.

वयाचा स्वभावही यात असतो. एरिक एरिकसन यांनी १९५० सालच्या पुस्तकात बालपणाचे टप्पे मांडले. त्यांत दीड ते तीन वर्षांच्या टप्प्याचं मुख्य काम त्यांनी स्वायत्तता हे सांगितलं. आपल्या अंगाचं काय व्हावं, हे आपण ठरवू शकतो का, हे मूल या वयात तपासत असतं. त्यात कपडे घालण्यापेक्षा काढणं खूप आधी जमतं. मोजे आणि मिटन ओढून काढणं दीड वर्षाच्या मुलाच्या आवाक्यात असतं. मिटन स्वतः घालायला अडीच-तीन वर्षं उजाडतात. म्हणजे कपड्यांच्या बाबतीत त्याच्या हाती असलेलं पहिलं कौशल्य हेच. ते दाखवल्याबद्दल त्याला ओरडा बसतो, हे त्याला समजणार कसं?

पुष्कळ थंड प्रदेशांतल्या लोकांनी हा प्रश्न कपड्याच्या घडणीतच सोडवलेला आहे. उत्तर सायबेरियातले नेनेत्स लोक रेनडिअरच्या कातड्याचा मालित्सा नावाचा अंगरखा घालतात, त्याच्या बाह्यांनाच मिटन शिवलेले असतात. मनगटापाशी एक चीर ठेवलेली असते. बारीक काम करायचं तर हात तिथून बाहेर काढायचा आणि झालं की परत आत. मोठ्या माणसालाही अधूनमधून उघडा हात लागणारच, हे त्या कपड्याने मान्यच केलेलं आहे. कॅनडाच्या उत्तरेकडच्या इनुइट बायका अमाउटी घालतात. तिच्या पाठीवर मोठा कप्पा असतो आणि बाळ आईच्या पाठीला लागून त्यात बसतं. तिथे बाळाच्या हाताला वेगळं काही लागतच नाही, आईचं अंगच त्याला ऊब देतं.

विणलेल्या मिटनचा इतिहास वेगळाच, आणि अभिमानाचा. नॉर्वेतल्या सेल्बू गावात १८५७ साली मरीट एमस्टाड ही तरुण मुलगी आपल्या बहिणींबरोबर काळ्या-पांढऱ्या नक्षीचे मिटन घालून चर्चला गेली, असं सांगतात. त्या आठ पाकळ्यांच्या नक्षीवर पुढे सबंध गावाचा व्यवसाय उभा राहिला. उत्तर स्वीडनमधल्या लोविक्काच्या एरिका ऐटामा यांनी १८९२ साली जाड लोकरीचे मिटन विणले. गिऱ्हाइकाला ते पसंत पडले नाहीत, तेव्हा त्यांनी ते धुऊन, पिंजून मऊ केले आणि तीच लोविक्काची ओळख झाली. न्यूफाउंडलंडमध्ये मिटन विणतानाच न कातलेल्या लोकरीचे पुंजके टाक्यांत अडकवतात, म्हणजे आतून दाट अस्तर तयार होतं. लाटवियात नववधू पाहुण्यांना देण्यासाठी मिटन विणून ठेवत असे. २००६ साली रिगा शहरात नाटोची शिखर परिषद भरली, तेव्हा आलेल्या पाहुण्यांना हातांनी विणलेल्या मिटनच्या सुमारे ४५०० जोड्या दिल्या होत्या.

या नक्षीदार विणकामातली एक गोष्ट लहान मुलांच्या बाबतीत जपावी लागते. दोन रंगांत विणताना न वापरलेला धागा आतल्या बाजूने सुटा धावत असतो. त्यात इवलंसं बोट अडकतं, घालताना ओढ बसते आणि मूल रडतं. याहून वाईट म्हणजे सुटलेला धागा किंवा आत गेलेला केस बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो आणि रक्त अडू शकतं. हात आत असल्यामुळे ते दिसतही नाही. तान्ह्या बाळाचे मिटन रोज उलटे करून पाहावेत, आणि नक्षीचे असतील तर आत मऊ अस्तर लावून घ्यावं. बाळ हातात मिटन असताना कारण न समजता रडत असेल तर पहिल्यांदा मिटन काढून बोटं पाहायची.

आपल्याकडच्या बाळंतविड्यात कुंची, झबली, टोपडी, दुपटी आणि लोकरीचे मोजे असतात. नातवंडांसाठी परदेशी निघालेल्या आज्या तो बरोबर नेतात. त्यात कधी हातांनी विणलेले, एका लांब दोरीने जोडलेले हातमोजेही असतात. दोरी कोटाच्या एका बाहीतून घालून पाठीवरून दुसऱ्या बाहीतून काढायची. मिटन निघाला तरी हरवत नाही, मनगटापाशी लोंबत राहतो. युक्ती चांगली आहे आणि थंड देशांतल्या आज्याही ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत आल्या. आता मात्र डॉक्टर ती नको म्हणतात. लोंबणारा मिटन घसरगुंडीच्या फटीत किंवा झोक्याच्या साखळीत अडकला तर दोरी ताणली जाते, आणि ती मूल खाली येत असताना गळ्यापाशी सरकू शकते. लहान मुलांच्या कपड्यांच्या नाड्या अशाच अडकून मुलं दगावल्यानंतर अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ साली नाड्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्लाही स्पष्ट आहे: मफलरऐवजी गळ्याचा बंद पट्टा आणि दोरीऐवजी क्लिप. क्लिपची पट्टी जेमतेम बोटभर असते, एक टोक बाहीच्या काठाला आणि दुसरं मिटनला. आजीने विणलेले मिटन ठेवावेत, त्यांची दोरी काढून तिथे क्लिप लावावी. आजीला त्याचं कारण सांगितलं तर तीच सुई हातात घेऊन ते काम करून देईल.

रबरबँडने मनगटापाशी घट्ट आवळणं मात्र कधीच करू नये. बोटांना ऊब देणारं रक्त तिथूनच जातं.

मग टिकतं काय? माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगी पडते ती मिटनची लांबी. छोटा मिटन मनगटाच्या हाडाशी संपतो आणि एका हिसक्यात निघतो. कोपरापर्यंत येणारा लोकरी मिटन आधी चढवला, त्यावर स्नोसूटची बाही घातली आणि बाहीचा काठ बंद केला, तर ओढायला टोकच सापडत नाही. दीड वर्षापर्यंतच्या मुलासाठी अंगठ्याचा कप्पा नसलेला मिटन चांगला. त्या वयात अंगठा सांगितल्या जागी जात नाही, तो तळहातात दुमडून राहतो आणि रिकाम्या कप्प्यातून गार हवा खेळते. दुकानात असे लांब मिटन मिळाले नाहीत तर पालक मोठ्या मुलाचे लांब लोकरी पायमोजे बाळाच्या हातांत चढवतात. दिसायला कसंही दिसलं तरी ते फार चांगलं काम करतं. बर्फ वितळून ओला होणारा असेल, शून्याच्या आसपासची हवा असेल, तर वरून पाणी न शिरणारं आवरण हवं. स्वीडनच्या बालवाड्यांत मुलं लोकरी मिटनवर रबरी मिटन चढवून चिखलात खेळतात, आणि आत आल्यावर सगळं ओलं सामान गरम हवेच्या कपाटात वाळायला टांगलेलं असतं. घरी असं कपाट नसतं, म्हणून निदान दोन जोड्या ठेवाव्यात. ओल्या मिटनपेक्षा कधी कधी उघडा हात बरा.

फिनलंडमध्ये सरकारकडून गरोदर स्त्रियांना बाळाच्या कपड्यांची पेटी मिळते. १९३८ साली ती गरीब घरांसाठी सुरू झाली आणि १९४९ पासून सगळ्यांसाठी खुली झाली. तिच्यात स्नोसूटबरोबर मिटनही असतात. हात झाकणं ही तिथे प्रत्येक बाळाची पायाभूत गरज धरलेली आहे, हे मला फार आवडतं.

कपड्यांच्या पुढचा भाग मुलाशी बोलण्याचा. ‘मिटन घालायचे का?’ असं विचारलं तर दोन वर्षांचं मूल ‘नाही’ म्हणणार, आणि मग आपण ते ऐकणार नाही. असा प्रश्न विचारूच नये. ‘लाल घालू या की निळे?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे, कारण दोन्ही उत्तरं आपल्याला चालणार आहेत. आधी बाहुलीला घालावेत, आधी बाबांनी घालावेत. हाताला काहीतरी काम द्यावं. छोटं फावडं, बादली, ओढायची घसरगाडी. पकडायला जाड दांडा असला की मिटनमधला हातही उपयोगी पडतो आणि मिटनची आठवण मागे पडते. हे सगळं मी आमिष म्हणून सांगत नाही. मुलाचं म्हणणं होतं की या पिशवीत माझ्या हाताला काही करता येत नाही. त्या तक्रारीची ही दखल आहे.

आणि हवा बरी असेल तर उघड्या हातालाही वेळ द्यावा. वारा नसलेल्या उणे तीन-चार अंशांत मुलाने मिटन काढून बर्फ चाचपला तर मिनिटभर बघत थांबावं. बोटांच्या त्वचेचं तापमान १५ अंशांच्या खाली उतरलं की बोटं संथ होतात आणि आठेक अंशांपाशी स्पर्श कळेनासा होतो. म्हणजे ज्यासाठी हात उघडा केला, तेच हरवू लागतं. तो क्षण मुलाला जाणवतो, त्याला शब्द नसतात. ते हात आपल्यापुढे धरतं किंवा कुरकुरतं. तेव्हा त्याचे हात आपल्या तळव्यात किंवा कोटाच्या आत धरून आधी गरम करावेत आणि मग मिटन चढवावा. ‘गार झाले ना? आता गरम,’ एवढं बोलणं पुरे. गार हात आणि मिटन यांचा संबंध मुलाला याच रस्त्याने लागतो, आणि एकदा लागला की पुढच्या खेपेला ते स्वतःहून हात पुढे करतं.

लक्ष कशावर ठेवायचं तेही सांगायला हवं. लाल, गार बोटं ही इशाऱ्याची पहिली पायरी. बोटं फिकट, पांढुरकी किंवा मेणासारखी दिसू लागली, मूल हात वापरेनासं झालं, तर खेळ थांबवून आत यायचं. बोटं चोळायची नाहीत, बर्फाने तर नाहीच, आणि हीटरजवळ धरायचीही नाहीत. बधिर त्वचा भाजलेली कळत नाही. साधारण ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात हात बुडवून ठेवावेत. पाणी आपल्या कोपराने तपासावं. रक्त परत येताना झोंबतं आणि मूल जोरात रडतं. त्यावेळी त्याला मांडीवर घेऊन बसावं. रंग आणि स्पर्श लवकर परतला नाही, किंवा फोड आले, तर डॉक्टरकडे जायला उशीर करू नये.

अडीच-तीन वर्षांच्या सुमाराला या गोष्टीचं रूप बदलतं. मुलाला सगळं स्वतः करायचं असतं, आणि बाहीखाली लपलेला लांब मिटन त्याच्या आड येतो, कारण तो कोटाच्या आधी घालावा लागतो आणि मग चेन ओढायला बोटं उरत नाहीत. तेव्हा उलट क्रम धरावा. आधी कोट, मग चेन, आणि शेवटी रुंद तोंडाचा, बाहीच्या वरून चढणारा मिटन. पहिला सहज जातो. दुसरा अवघड, कारण तो ओढणारा हात आता स्वतः मिटनमध्ये असतो. बालवाडीतल्या बाई त्यासाठी मिटनच्या काठाला मोठा फासा शिवून घ्यायला सांगतात, म्हणजे जाड मिटनमधूनही तो पकडता येतो. एरवी अंगठ्याचा कप्पा वरच्या बाजूला येईल असा मिटन जमिनीवर ठेवायचा आणि हात त्यात ढकलत न्यायचा. दाराशी पाचेक मिनिटं जास्त हाती ठेवली तर मूल ते करून दाखवतं. स्वतः घातलेला मिटन ते इतक्या सहज काढत नाही.